भरतीचा मंत्र आणि माझी खुर्ची

१ फेब्रुवारी, रविवार
घोर अन्याय! तीन वर्षं आमच्या फासे-जादूच्या खेळाचा गेम मास्टर मी. गोष्ट माझी, राक्षस माझे, मंत्रसुद्धा घरचे, मीच बनवलेले. आणि आज दिशा म्हणते, तुझं काहीच बॅलन्स्ड नाय, तुझे राक्षस मरतच नाय, आमीच मरतो. तेव्हा ती मेलेली होती. मेलेल्याने बोलायचं नाही, हा माझा नियम. तरी बोलली.

अक्षयने मान डोलावली. सख्खा चुलतभाऊ! आमच्याच वाडीतले चिकू खात खात.

ठरलं. खेळाडूंना एक जबरी मंत्र द्यायचा. पुढच्या रविवारी माझा राक्षस पहिल्याच फटक्यात मेला, तर मंत्र बॅलन्स्ड नाही आणि गेम मास्टरची खुर्ची दिशाची. म्हटलं, मंजूर! रागाने उठून थेट किनाऱ्यावर गेलो.

२ फेब्रुवारी
बोईसर. ऑफिसच्या वेळात मंत्र तयार. नाव 'भरती'. कसलाही राक्षस असो, एका झटक्यात बुडतो. अट एकच: त्या वेळी चिंचणीच्या समुद्राला खरोखर भरती हवी.

काल संध्याकाळी पाणी पार लांब गेलेलं. म्हणजे रविवारी संध्याकाळी ओहोटी असते. आणि आपण खेळतो कधी? रविवारी संध्याकाळी. डोकं लागतं याला.

३ फेब्रुवारी
नियम ग्रुपवर टाकला. दिशाचा लगेच अंगठा. मुरबे गावची पोरगी, घरची मासेमारीची बोट, तरी फसली! समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे?

५ फेब्रुवारी
आई म्हणाली, भरतीची वेळ रोज पुढे सरकते ना रे? तिला सांगितलं, हा खेळ आहे, तुझं पंचांग नाही.

७ फेब्रुवारी
राक्षस तयार. महाकर्दम. पुढची चार महिन्यांची गोष्ट त्याच्यावर उभी आहे. त्यामुळे तो मरूच शकत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
अक्षयने किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल केला. पाणी चांगलंच वर आलेलं. त्याची एक चप्पल वाहून गेली. बरं झालं.

महाकर्दम बुडाला. बिचाऱ्याला स्वतःचं नाव सांगायलाही वेळ मिळाला नाही.

दिशा म्हणाली, आज सप्तमी हाय, सप्तमीला संध्याकाळी भरतीच असते, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग आधी का नाही बोललीस? तर म्हणे, तू विचारलंस कुठं?

खुर्ची गेली. आजोबांची आरामखुर्ची, आमच्या घरातली! तिच्यात दिशा पाय पसरून. मी प्लास्टिकच्या स्टुलावर. फार वाईट वाटलं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. आई म्हणते, दिसत होतं.

९ फेब्रुवारी
रडणाऱ्यातला मी नव्हे. उलट फायदाच झाला. आता मी खेळाडू, म्हणजे भरतीचा मंत्र माझाही! येत्या रविवारी दिशाचा राक्षस पहिल्या फटक्यात बुडवतो. तिच्याच नियमाने खुर्ची परत.

आणि चुकीतून शिकलो. रविवारी संध्याकाळी भरती असते. ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. उपास. दिशाने राक्षस म्हणून काय आणावं? खेकडा. हसू आलं. उभा राहिलो, हात वर केले, गरजलो: भरती!

अक्षयने किनाऱ्यावरून फोन फिरवून दाखवला. पाणी कुठल्या कुठे. ओल्या वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती.

खेकड्याने मला खाल्लं. उपाशीपोटी.

मग खुर्चीतून दिशाने जाहीर केलं की हा मंत्र एकदम बॅलन्स्ड हाय, काय बदलायची गरज नाय. तीन वर्षांत माझ्या मंत्राला मिळालेली पहिली शाबासकी. उत्तरादाखल चार शब्द बोलणार होतो. पण मी मेलेलो होतो.