डावखुरा व्हल्कन

रोम, ऑक्टोबर १५८६

तीर्थरूप बाबांस फाउस्टोचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. व्हल्कनच्या चित्रावरून छपाईचा तांब्याचा पत्रा कोरून झाला आणि काल पहिला छाप निघाला. त्याच्या पाठीचे स्नायू पाहायला कारखान्यातले सगळे भोवती जमले. मग आमचे मालक बेरार्दिनो म्हणाले, "अरे शहाण्या, देवांचा लोहार डावखुरा कधीपासून झाला? कागदावर सगळं उलटं उतरतं. चित्र उलटं करून कोरायचं विसरलास ना?"

"विसरलो नाही," मी म्हणालो. "माझे बाबा सोनार आहेत, डाव्या हातानेच हातोडी चालवतात. त्यांनाच पाहत वाढलो मी."

मालक विरघळले. "मग राहू दे. बापापुढे माझं काय चालणार!"

बाबा, मी खोटं बोललो. मी खरंच विसरलो होतो. चूक झाकायला तुमचा हात पुढे केला, हे टोचतंय. उद्या मालकांना खरं सांगणार आहे. जुन्या रेघा खरवडून, पत्रा मागून ठोकून सपाट करून हात पुन्हा कोरावा लागला तर कोरेन. तेवढं मला येतं.

पण आज छाप पुन्हा निरखला. मूळ चित्रात अंगठा दांड्याभोवती वळलेला आहे. माझ्या व्हल्कनचा अंगठा दांड्यावर सरळ टेकलाय. अशी हातोडी फक्त तुम्ही धरता. तो कधी कोरला, मला आठवतसुद्धा नाही.

तुमच्या हाताची थरथर कमी आहे का? जिनेव्राताईने पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारतो.

सोबत तो छाप पाठवतोय. उद्या हात बदलावा लागला, तरी अंगठा असाच ठेवीन.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
फाउस्टो