हुकुमापुरती बोली

शनि., ८ नोव्हें.
पल्लवी आज जीवनला घरी घेऊन आली. लग्न करीन तर याच्याशीच, हे तिनं गुवाहाटीहून फोनवरच सांगून टाकलं होतं. इंजिनियर, शांत पोरगा. यांना लगेच आवडला. आसामच्या चहाबागेतला. त्याच्या पणजोबांना इंग्रजांचा दलाल इकडूनच, छत्तीसगडातून घेऊन गेला. परत आणतो म्हणून. कोण आणतंय! गावाचं नावसुद्धा आता घरात कोणाला आठवत नाही, बोली तेवढी टिकवली.

मी ज्ञान पाजळलंच. इंग्रज गेले, बागा आपल्या झाल्या, तू इंजिनियर झालास, भरून निघालंच की सगळं. तो म्हणाला, आई अजून पत्ती तोडते.

म्हटलं याच्या बोलीत बोलावं, बरं वाटेल पोराला. जन्म भिलाईत गेलाय माझा. ताट वाढून हौसेनं म्हणाले, "आ, बइठ. खा. अउ ले."
तो हसला. हळूच म्हणाला, "हमारे बागान के साहब को भी इतनी ही आती थी."
मीपण हसले. काही कळलंच नाही.

रवि., ९
पल्लवी भांडी लावता लावता म्हणाली, "आई, तू त्याच्याशी फुलबाईशी बोलते तसं बोलून राहिली होती."
मी म्हटलं, छत्तीसगढीच तर बोलली.
"हुकुमाची. तुले दुसरी येते कुठं?"

नाही येत. आ, जा, पोंछ, जल्दी कर. कामवाली फुलबाई, रिक्षावाले, ठेक्यावरचे लेबर, यांच्यापुरती. फुलबाई तर माझ्याहून मोठी.
गावात बाबांना शेंबडं पोरही अरे-तुरे करायचं. म्हणून तर भंडारा सोडून ते इथं स्टील प्लांटात आले. आणि मी त्यांची लेक, विहारात समतेवर भाषणं देणारी.

मंगळ., ११
पुढच्या रविवारी जीवनची आई येणार. पूर्वजांचा मुलूख बघायला, आणि आम्हाला. तिला हिंदी येत नाही. आसामी, नाहीतर हीच बोली.
प. म्हणाली, "तिच्यासमोर तसं बोलली ना आई, तर मी..."

शुक्र., १४
भाजीवालीला विचारलं. मोठ्या माणसाला 'बइठव' म्हणायचं. हजारदा कानावर पडलाय हा शब्द. माझ्या तोंडी कधी आला नाही.

पाहुणीसमोर जीभ अडखळू नये म्हणून आधी फुलबाईला म्हणून बघावं असं ठरवलं. सरावासाठी! तिथंही तीच सापडली मला.
खुर्ची पुढे केली. म्हटलं, "बइठव."
तिनं झाडू भिंतीला टेकवला. बसली नाही. चेहरा पार उतरला.
"मोर ले का गलती होगे, मैडम? काम ले निकालत हव का?"

तसं नाही, हे सांगायला मला पुढचं वाक्य येईना.