रंजूला नेताना

शकुंतला,
मी अड्याळला भावाकडे चालले. तुम्ही रंजूला भंडाऱ्याला न्याल ते मला पाहवणार नाही.

‘पोर माही आहे बाई, तुमी तिले नुसतं मातीत खेळवलं, एबीसीडी बी येत नाही तिले,’ असं काल तू सगळ्यांसमोर म्हणालीस. तुझं ट्रेनिंग होईपर्यंत माझ्याकडे ठेवलीस तेव्हा ती कोणाची होती, ते मी विचारलं नाही. एबीसीडी मलाच येत नाही. पण पोपटीच्या शेंगा सोलताना ती दाणे मोजते आणि मोजलेले सगळे खाते.

भाजी नुसती ताटात वाढलीस तर तोंड फिरवील. स्वतः खुडलेलीच खाते. तुमच्या खोलीमागे आपल्यासारखी भाजी लावायला सांदवाडी नाही, तर डालड्याच्या डब्यात मेथी पेर. पाणी तिलाच घालू दे. सांडेल, मारू नकोस. बिस्किटावर भागवू नकोस.

माझं विचारेल. ‘संध्याकाळी येते’ म्हणू नकोस, उपाशी दारात बसून राहील. ‘मोठीमाय रागावून गेली’ म्हण. मग तिलाही माझा राग येईल, आणि रागात ती पोटभर जेवते.

तुझी मोठी जाऊ