आत्येच्या लॉजच्या फळ्या

प्रिय आत्ये,

मी तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर हसशील. आयुष्यात तुला दोनच कार्डं टाकली, एक रत्नागिरीहून, एक नाशिकच्या तमाशाच्या तंबूतून, आणि दोन्हींत पैसे मागितले होते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून पांडूमामा वाचून दाखवायचे. आजचं हे त्यांनी वाचायचं नाही. उद्या संध्याकाळी ते आणि तुझ्या खाणावळीचे बाकीचे तेरा मेंबर परळच्या लॉजवर मला पैसे द्यायला येणार आहेत. ते घेऊ का? तुला न विचारता हात पुढे होत नाही.

हे लॉज तुझ्या डोक्यात कधी शिरलं, आठवतं? काका इस्पितळात होते तेव्हा. तीन आठवडे तू बाहेर फुटपाथवर काढलेस. आंघोळीला साताऱ्याकडची एक बाई लुगडं धरून उभी राहायची, मग तू तिच्यासाठी. काका गेले, पण तुझं पालुपद राहिलं, "गावची बाई हय येता, तिचा माणूस आत मरता, आणि तिका रडूक चार भिंती नाय!"

मग परळला इस्पितळाजवळ राहणाऱ्या रोझीबाई वसईला लेकीकडे राहायला निघाल्या आणि त्यांचं जुनं घर विकायला निघालं. पण लालबागला बांगडे तळणाऱ्या बाईला कर्ज कोण देणार? पगाराच्या दिवशी तू उलथनं हातात घेऊनच मेंबरांसमोर आलीस. "माका वर्षाच्या जेवणाचे पैसे आगाऊ होये. ताट एक दिवस चुकूचा नाय."

पांडूमामा म्हणाले, "आन् तूच मेलीस तर गं?"

"तर माझ्या पिंडाचो भात खावा!"

काय हसले होते सगळे! हसता हसता चौदा जणांनी पैसे काढले. उरलेल्या रकमेचे हप्ते रोझीबाईंनी बांधून दिले. मग वर्षभर त्या चौदा जणांना फुकटच जेवू घालायचं होतं. पाटल्या गहाण टाकल्यास. आमटी पातळ झाली खरी, पण ताट चुकलं नाही.

पाटल्यांच्याच पैशातून मध्ये फळ्या ठोकून सहा खोल्या पाडायच्या होत्या. फळ्या आणायला मला पाठवलंस. "सरळ ये हां," म्हणालीस. मी आणि सरळ! तुला काय सुचलं गं?

घोडपदेवच्या वखारीतून हातगाडी भरून निघालो. वाटेत लिंबू सरबत प्यायलो, एका प्रेससमोर उभा राहून बुलेटिन वाचलं. लालबागला वळलो तर दोस्त दत्तू धावत आला. "गणू, फळ्या? अरे, देवासारखा आलास! सभा आहे आणि स्टेजच नाही. दोन तासांत परत, आईशप्पथ!" त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राला नाही कोण म्हणणार? फळ्या मीच रचल्या, वर पहिल्या रांगेत बसलो. शाहिराची डफावर थाप पडली आणि लॉज, खोल्या, तू, सगळं विसरलो. मग पोलीस आले आणि एकदम पळापळ. सगळं शांत झाल्यावर परत गेलो, तर एक फळी शिल्लक नाही.

"मेल्या, फळ्यो खय?" मी सांगितलं. तू पदराने कपाळ पुसलंस, बस. दुसऱ्या दिवशी मेंबरांना म्हणालीस, "मीच सभेक दिलंय."

का गं? पुढे एकदा विचारलं तेव्हा भाकरी थापता थापता म्हणालीस, "माका चार दिवस बोलतीत. तुका बोलले तर तू पळान जातलंस."

फळ्यांच्या जागी तू दोऱ्या बांधून जुनी लुगडी टांगलीस. हिरवं, किरमिजी, एक इरकली. एका लुगड्यामागे कोणी हुंदका दिला की शेजारच्या लुगड्याखालून चहाचा पेला पुढे सरकायचा. मला ते किती आवडायचं! तुला नाही आवडायचं. आतून लागणारी कडी हवी, एवढंच म्हणायचीस.

तुझ्या तेराव्याला पांडूमामांनी मला बाजूला घेतलं. "बाई सोन्यासारखी, पण हातात पैसा टिकला नाही रे. आमच्या घासातल्या फळ्या वाटून टाकल्या! तू तिच्यासारखं करू नकोस. तुझ्याकडे बघून आम्ही पुन्हा वर्षाचं आगाऊ देतो."

आणि मी मान डोलावली. आत्ये, मी मान डोलावली गं!

गप्प बसलो तर महिन्याभरात सहा खोल्या उभ्या राहतील, कड्यांसकट. खरं बोललो तर ते पैसे पुन्हा खिशात घालतील. मग रोझीबाईंचे उरलेले हप्ते कुठून द्यायचे? बाजूचा भुसारी शेट गोदामासाठी या घरावर टपूनच बसलाय. काल रात्रीच पिशवी भरली होती, खरं सांगतो. गाडीची वेळही विचारून आलो. सकाळी एक बाई आली, नवरा इस्पितळात, कडेवर पोर. तिला किरमिजी लुगड्यामागची जागा दिली, पाणी तापवलं, आणि गाडी गेली.

तर ऐक. उद्या कोणी खिशात हात घालायच्या आत मी उभा राहून सांगणार आहे, फळ्या मी दिल्या. त्यानंतर त्यांनी पैसे दिले नाहीत तरी मी इथून हलणार नाही. हप्त्यासाठी गोदीत ओझी उचलीन. पांडूमामा शिव्या देतील. देऊ देत. त्या पहिल्यापासून माझ्याच होत्या, आजवर तू खाल्ल्यास.

तुझा उनाड भाचा,
गणू