डाव्या हातचा मळ

ताई,

हे अक्षर माझंच आहे. घाबरू नकोस, माझे दोन्ही हात धड आहेत.

आज सुट्टी होती म्हणून सकाळच्या सिनेमाला गेलो. त्यात हिरोचा उजवा हात मशीनमध्ये जातो. मग एक गाणं लागतं आणि ते संपेपर्यंत तो डाव्या हाताने झरझर लिहायला लागतो, अगदी डाव्या हातचा मळ असल्यासारखं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र शिट्टी फुटेना, कारण मला तू दिसत होतीस.

छपाईच्या मशीनने तुझा हात नेला, त्यानंतर चौदा महिने तू रोज एक पान गिरवलंस. मी शेजारी बसून चिडवायचो, "ताई, वहीवरून कोंबडी चालत गेली का गं?"

तू म्हणायचीस, "गेली ना. आता मी तिच्या मागे निघालेय." आणि पान उलटायचीस.

आज तू दवाखान्यात केसपेपर लिहितेस आणि डॉक्टरांपेक्षा तुझंच अक्षर लागतं म्हणे.

खोलीवर येऊन मी पेन्सिल डाव्या हातात धरली. नुसत्या 'ताई'ला पाच कागद गेले, आणि एवढ्या ओळींना अख्खी दुपार. मनगट भरून आलंय. कसं केलंस गं तू हे?

मुकादम म्हणतो, माझ्या पायाला भिंगरी आहे. खरंय, हे तिसरं कामही उद्या सोडणार होतो. आता नाही सोडत.

पत्रही आत्ता टाकत नाही. तुझ्यासारखं अक्षर झालं की टाकेन. चौदा महिने तरी इथेच आहे.

तुझा भाऊ,
म्हणजे सध्याची कोंबडी