पेढे वाटून झाल्यावर

२४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून अभ्यास. कुणाला कळू द्यायचं नाही.

घोटाळा असा. काल एमबीएच्या एन्ट्रन्सचा निकाल आला. फोनवर अडतीस दिसले. आमच्या निपाणीकडच्या शाळेत पस्तीसला पास, म्हणजे वर तीन जादाच की. तशीच पेढे आणायला पळाले. काल बिल्डिंगमध्ये वाटले, महिला मंडळात वाटले, आज ऑफिसात वाटले. संध्याकाळी शलाकाचा पुण्याहून फोन. म्हणाली, आई, ते मार्क नव्हेत गं. शंभरातले बासष्ट जण तुझ्यापुढे आहेत असा त्याचा अर्थ. म्हणलं, मग अडतीस मागे आहेत की, त्यांना कोण पेढे देणार?

प्रणीतला मी सकाळी ओरडून सांगितलं होतं, अडतीस! हा आमचा नवा साहेब, वय सव्वीस, स्वतः एमबीए. पेढा अर्धा तोंडात होता. चावायचाच थांबला. मग म्हणाला, कंग्रॅच्युलेशन्स अक्का, आणि पाणी मागितलं. मला वाटलं पेढा कोरडा आहे.

आता आठवून कान गरम होताहेत.

२५ फेब्रुवारी
परीक्षा परत एप्रिलच्या शेवटी आहे. फॉर्म भरून टाकला, फक्त शलाकाला सांगितलं. आमचे हे, अरविंद, गेल्यावर त्यांच्या जागी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये लागले, आठ वर्षं क्लार्कच. बीए घरी बसून केलं. पार्टटाइम एमबीए झालं तर सुपरवायझरची जागा. एप्रिलला नीट झालं की कालचे पेढे आपोआप खरे होणार. मग मध्येच बाकी कुणाला काही सांगायचं कारणच नाही.

२ मार्च, रविवार
चूक सापडली. चुकलं तर मार्क कापतात म्हणे! मी एकही प्रश्न सोडला नव्हता. शाळेत रघुजी मास्तर सांगायचे, पेपर कोरा ठेवायचा नाही, काहीतरी लिहा, मास्तरालाही पोरंबाळं आहेत, दया येते. कॉम्प्युटरला कुठली पोरंबाळं?

म्हणजे माझं डोकं चांगलंच आहे. फक्त सवय वाईट. टाइमटेबल केलं. पाच ते सात गणित, रात्री इंग्लिश.

३ मार्च
सातला उठले. उद्यापासून.

४ मार्च
गॅस संपला.

९ मार्च
गणिताला बसले. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, टाकी कधी भरेल. हे पुस्तक लिहिणारा आमच्या येलहंक्यात राहत नाही हे नक्की. इथे दोन्ही नळ कोरडे. टँकरवाल्याचा फोन कधी लागेल याचं गणित घातलं असतं तर मी पहिली आले असते. पुस्तक मिटलं. दुसरं चांगलं पुस्तक आणणार.

१६ मार्च
मंडळातली रंजिता घरी आली. एकतीस वर्षांची, नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी आत कैऱ्या किसतो आणि बाहेरच्या सवाष्णींना नावं ठेवतो. मजा येते. ती म्हणाली, अक्का, तुम्ही पास झालात ते ऐकून मीपण फॉर्म भरणार, पुढच्या खेपेचा. मला शिकवाल? मी म्हणलं, आधी फी दे, रोज एक चहा. हसली. मग विचारते, किती पडले तुम्हाला? मी म्हणलं, अगं, चहात साखर घातली का बघ.

जाताना पाया पडली. असलं कुणी करू नये.

३० मार्च, युगादी, म्हणजे आपला पाडवा
सुमित्राक्का आल्या होत्या, मंडळाच्या अध्यक्ष. डब्यात होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, आणि तोंडात बातमी. यंदा हळदीकुंकवात माझा सत्कार. नुसती शाल नाही, पाटावर बसवून कुंकू लावणार, ओटी भरणार. म्हणाल्या, कमिटीत दोघी नको म्हणत होत्या, मी भांडले. पास झालेल्या बाईला आत कैऱ्या किसायला लावायच्या म्हणजे काय?

एरवी मी म्हणले असते, अक्का, नापास बायकांनी काय घोडं मारलंय? आज डबा रिकामा करून परत दिला. त्या गेल्यावर उगाच सगळी भांडी परत घासली.

उद्यापासून चारला उठायचं.

६ एप्रिल
इंग्लिश. उतारा ऑक्टोपसवर. त्याला तीन हृदयं असतात. दोन वेळा वाचला, मग बसून विचार करत राहिले की असला जीव विधवा झाला तर किती त्रास. प्रश्न राहिले. पण वाचन झालं.

१२ एप्रिल
हॉल तिकीट आलं. २७ एप्रिल, रविवार, दुपारी दोन, जयनगर, म्हणजे शहराचं दुसरं टोक.
हळदीकुंकूही २७ एप्रिल, चार वाजता.

सुमित्राक्कांना फोन केला. म्हणलं, तारीख स्वल्प पुढे नाही का ढकलता येणार? त्या म्हणाल्या, हॉल मिळालाय तेव्हाच, तुला काय अडचण? आता काय सांगणार? पास झालेली बाई परत परीक्षेला कशाला जाईल? म्हणलं, अडचण कसली, तुम्हाला ऊन लागेल म्हणून विचारलं. म्हणाल्या, किती गं काळजी करतेस.

१३ एप्रिल
सोपं आहे. साडेचारला पेपर संपतो. ऑटो करायची, सहाला येलहंका. आपल्या बायका कुठे वेळेवर येतात?

२० एप्रिल
घरी सराव परीक्षा दिली. या वेळी पक्कं ठरवलं होतं, खात्री नसेल ते सोडायचं. नऊ प्रश्न सोडवले. बाकी सगळे सोडले. एकही मार्क कापला नाही! शलाकाला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

काल ऑफिसात प्रणीत हळूच म्हणाला, अक्का, मेरे पास नोट्स हैं, चाहिए तो. म्हणजे याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. म्हणलं, ठेव तुझ्याकडे, तुझ्या बायकोला होतील. पोरगं ओशाळलं. ओशाळायला मी हवी होते. उद्या मागून घेईन.

२६ एप्रिल
नोट्स मागितल्या नाहीत. आदल्या दिवशी नवीन वाचू नये म्हणतात.
जरीची साडी इस्त्री केली. परीक्षेला साधीच नेसणार. जरीची पिशवीत घेते.

२७ एप्रिल, संध्याकाळी सात
वाटेतल्या हेब्बाळपर्यंत गेले होते. ट्रॅफिक होतं, पण तसं काही फार नाही. ऑटोवाला म्हणालासुद्धा, आगुत्ते अम्मा, होईल, वेळेत सोडतो. मीच म्हणलं, फिरव. परीक्षा काय, परत येते.

हॉलवर साडी बदलली. पाटावर बसवलं. सुमित्राक्कांनी कुंकू लावलं. ओटीत खण, नारळ, हरभरे. म्हणाल्या, आमच्या मंडळातली पहिली एमबीए. ज्या दोघी नको म्हणत होत्या त्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. असल्या वेळी मी चार टोमणे तरी मारते. आज ओटीतले हरभरे मोजत बसले.

रंजिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला कैरीचा कीस तसाच. मी म्हणणार होते की तिलाही बोलवा. तेवढ्यात सुमित्राक्का तिला म्हणाल्या, तूही हिच्यासारखी पास हो बाई, पुढच्या वर्षी तुझी ओटी भरू. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, होणारच म्हणून.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण तोंडात आंबेडाळ होती.

घरात पाऊल टाकलं तोच शलाकाचा व्हिडिओ कॉल. पेपर कसा गेला? म्हणलं, सोपा होता. काय काय आलेलं? म्हणलं, नळच नळ. ती स्क्रीनजवळ आली. आई, कपाळाला काय आहे?

आठ वर्षांत तिनं पाहिलं नव्हतं. मीही नाही. म्हणलं, सेंटरवर सगळ्यांनाच लावत होते, शुभ असतं म्हणून.

मग म्हणाली, छान दिसतंय गं.

पेपरचं परत काही विचारलं नाही.