मॅगझिनं कोणी टाकली

अल्फारेटा, अमेरिका,
१२ जून १९९४

चि. उपासनास,
सप्रेम जयभीम.

आम्ही मायलेक इथे बरे आहोत, म्हणजे जेवतो आणि झोपतो. मैत्रीची दाढ वर आली का? रडत असेल तर ओलं फडकं फ्रिजमध्ये थंड करून चावायला दे. तुझ्या बहिणीच्या, सीमाच्या त्या एका खोलीत तुम्ही तिघी कशा मावता कोण जाणे. सोबतच्या पोरी कटकट करत असतील तर करू देत, भाडं सीमाही देते.

तुझ्या कढीलिंबाला पाणी घालते. मेला तर मला बोलू नकोस, तू गेलीस तेव्हाच अर्धा मेला होता.

अनुपचा फोन तू घेत नाहीस म्हणे. बरोबर करतेस की चूक, ते मला विचारू नकोस.

टीव्हीवर रोज त्या बंदुकांच्या कायद्याचंच चाललंय. मला इंग्रजी कळत नाही, पण मॅगझिन शब्द आला की हात थांबतो. काल अनुपच्या ऑफिसातला तो रवी आला होता. चिवडा खात म्हणतो, "काकू, लॉ पास झाला की दहाच्या वर गोळ्या बसणारं मॅगझिन नवीन मिळणार नाही. जुनं ज्याच्याकडे असेल त्याचं चालेल. म्हणून तर घाई केली यार."

म्हटलं, "मी तुझी यार नाही. चोरी तुझ्या घरी झाली, रायफल माझ्या पोराला काहून घ्यायला लावलीस?"

तो हसला. अनुप हसला नाही. म्हणाला, "होती ती तीनही गेली. आता दुकानात स्टॉक नाही. उपासनानं वाट लावली."

बघ कसं आहे. सरकार बंद करायला निघालं, म्हणूनच ती आपल्या घरात आली.

पार्सल आलं तेव्हा सही तूच केलीस. मॅगझिन म्हणजे वाचायचं, असं वाटलं तुला, एवढी शिकलेली असून. मी चौथी पास, पण तो शब्द मला पाठ आहे. आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मॅगझिन म्हणजे कोठार. सगळ्यांपासून लांब, मातीच्या बांधाआड. आत जाताना काड्यापेटी दारात काढून ठेवायची, बुटाला लोखंडी खिळा चालायचा नाही. अनुपचे बाबा एक दिवस आत गेले आणि आम्हाला बंद पेटी मिळाली. उघडू नका म्हणाले. मी उघडली नाही. अनुप तेव्हा मैत्रीएवढाच होता.

मी अनुपला विचारलं होतं, मॅगझिन कोणी घरात ठेवतं का रे? म्हणाला, "आई, हे ते नाही. हा नुसता गोळ्यांचा डबा आहे."

डबा तर डबा.

मग त्या मंगळवारी तू आंघोळीला गेली होतीस. मैत्रीनं कपाटातून एक ओढून आणलं आणि माझ्यासमोर बसून चावायला लागली. गोळ्या भरलेलं. हिरड्या शिवशिवत होत्या ना तिच्या. मी तिच्या हातातलं काढून घेतलं. कपाटातली बाकीची दोन घेतली. तिच्या घाणेरड्या डायपरांत एकेक गुंडाळलं आणि कचऱ्याच्या गाडीत जाऊ दिलं.

मी. तू नाही.

हे तुला कळलंच होतं. घरात तिघंच मोठी माणसं. तू ती टाकली नव्हतीस, अनुप टाकणार नाही. 'हे राहील नाहीतर मी' असं तू आधी बोलून बसली होतीस, म्हणून आळ तुझ्यावर आला. अनुप ओरडत होता तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी परातीत मान घालून कणीक मळत राहिले. मळून कधीच झाली होती. तरी तू माझं नाव घेतलं नाहीस, पोरीला कडेवर घेतलंस आणि गेलीस.

मी घाबरले. आयुष्यात फोरमनला घाबरले नाही, पोटच्या पोराला घाबरले. नागपूरला पाठवून देईल वाटलं. तिथे आता कोण आहे माझं?

आज सकाळी त्याला सांगितलं. आधी म्हणाला, "आई, तिला वाचवू नकोस." डायपरचं सांगितलं तेव्हा खरं वाटलं. आता तुला फोन लावेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो म्हणाला, "पुढच्या महिन्याचं तिकीट बघतो तुझं." आणि रवीला घेऊन गेला. पलीकडच्या गावात बंदुकांचा बाजार भरलाय, तिथे जुनी मॅगझिनं मिळतात म्हणे.

तो गेल्यावर पत्र लिहायला बसले. शेवटी लिहिणार होते की झालं ते झालं, आता घरी ये.

गाडी आत्ताच आली. हातात पिशवी होती. माझ्याशी न बोलता वर गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला.

येऊ नकोस. तो फोनवर रडला तरी नको, आईनं बोलावलंय म्हणाला तरी नको. रायफल घरातून गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोरीला या दारात आणू नकोस. मी तोवर इथे असेन की नाही, माहीत नाही.

आशीर्वाद लिहीत नाही. ते तोंड मला राहिलं नाही.

जयभीम.

अनुपची आई